माई लिस्बनला येणार नाहीत

वसुधा वडे वाढायला दुसऱ्यांदा आली आणि उल्हासच्या ताटाशी थांबून म्हणाली, "गुरुवारी आम्ही दोघं लिस्बनला चाललोय. दहा दिवस."

मग ती पुढच्या ताटाकडे वळली. "ताई, वडा?"

शैलजाताईंचा हात खिरीच्या वाटीवरच राहिला. वसुधाच्या सासूबाईंचं, माईंचं, पाचवं मासिक श्राद्ध होतं. सकाळी उल्हास सोवळं नेसून लॅपटॉपसमोर बसला होता. न्यू जर्सीहून गुरुजी पडद्यावरून मंत्र सांगत होते आणि मधेच "यजमान, म्यूट काढा" म्हणून ओरडत होते. ताई दर महिन्याला न्यू जर्सीतल्या आयसेलिनहून चार तास गाडी चालवून इथे, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीला, येत. आपल्या आईचं काही धाकट्या भावाच्या हातून राहून जाऊ नये, हा त्यांचा हट्ट. या खेपेला मॉरिसव्हिलहून वसुधा-उल्हासचा मुलगा मिहीर आला होता, बॉस्टनहून मुलगी अंतरा.

"या गुरुवारी?" ताईंनी विचारलं.

"या."

"कोणाचं लग्नबिग्न आहे का तिकडे?"

"नाही. गाव बघायला. आणि भाजलेल्या तारल्यांच्या एका खानावळीत टेबल सांगून ठेवलंय, तिथे जेवायला."

"जेवायला?" ताईंनी भावाकडे पाहिलं. "उल्हास, ही काय म्हणतेय?"

उल्हास ताटातल्या आमसुलाच्या चटणीकडे बघत होता. एप्रिलमध्ये वसुधाने तिकिटं काढली तेव्हा तो "बरं" म्हणाला होता. मनापासून म्हणाला होता. पण तेव्हा खोलीत ती दोघंच होती. मोठ्या बहिणीसमोर सत्तर वर्षांचा उल्हास अजूनही आठवीतला होता.

"तसं म्हणजे... ठरलंय," तो म्हणाला. "पण बघू."

वसुधाने वड्यांचं ताट ओट्यावर ठेवलं. हे "बघू" तिला चांगलं ओळखीचं होतं. याच "बघू"वर लिस्बन तीनदा बुडालं होतं. पहिल्या वेळी माई बाथरूममध्ये पडल्या. दुसऱ्या वेळी त्यांना न्यूमोनिया झाला. तिसऱ्या वेळी काहीच झालं नाही, माईंनी फक्त जेवण टाकलं. "तुम्ही जा गं, माझं काय," असं म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. त्या संध्याकाळी उल्हासने तिला न विचारता तिकिटं कॅन्सल केली होती.

"आत्याचं बरोबर आहे, आई," मिहीर म्हणाला. "वर्ष तर होऊ दे. टायमिंग बघ ना. मंडळातले लोक काय म्हणतील?"

"मंडळातले लोक मला लिस्बनमध्ये भेटणार आहेत का?"

अंतरा फस्सकन हसली. ताई हसल्या नाहीत.

"वसुधा, मी रागावून बोलत नाही," त्या म्हणाल्या. "पण वर्ष पाळतात आपल्याकडे. मी यंदा गुढी उभारली नाही. सोसायटीतल्या डोहाळजेवणाला गेले नाही. हौसमौज म्हणून काही केलं नाही."

"गुढी मीही उभारली नाही, ताई."

"मग हे काय आहे?"

"ही हौसच आहे," वसुधा म्हणाली. "मी कुठे नाही म्हणतेय?"

"आत्या, विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट," अंतराने चमचा खाली ठेवला, "चौदा वर्षं आजी इथे होती. तुझ्याकडे ती किती—"

"अंतरा, गप्प बस." वसुधाचा आवाज असा चढला की अंतरा खरंच गप्प बसली. "तो विषय नाही."

पण ताईंना जे ऐकू यायचं ते आलं होतं. आयसेलिनच्या घराला जिने फार होते, हे खरं. त्यांचे यजमान असेपर्यंत घरात दुसऱ्या कोणाचा आवाज चालत नसे, हेही खरं. आई त्यांच्याकडे आठ दिवसांवर कधी राहिली नाही. यजमान गेले तेव्हा आईला प्रवास झेपेना. आता आई गेल्यावर तिच्यासाठी करता येण्यासारखी ताईंकडे एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे हे वर्ष. ते त्या जिवाच्या कराराने पाळत होत्या. आणि ज्या घरात आई राहिली, गेली, त्याच घरातली माणसं पर्यटनाला निघाली, तर आपण एकटीने पाळलं त्याला काय अर्थ राहिला, हे त्यांना कळेना.

मिहीरने फोन काढला. मिहीरला भांडण म्हणजे ऑफिसातल्या अडकलेल्या कामासारखं वाटे. योग्य माणसाला फोन लावला की सुटतं. त्याने गुरुजींना लावला आणि फोन टेबलाच्या मध्ये ठेवला. पलीकडे डिशवॉशरचा आवाज येत होता.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. "तसं सपिंडीकरण आपण बाराव्या दिवशीच उरकलंय," ते म्हणाले. "त्यामुळे शास्त्राचा अडथळा म्हणाल तर फारसा नाही. पण ताईंच्या मनात असेल तर... अस्थी सगळ्या विसर्जित झाल्या का?"

"अर्ध्या केप कॉडला सोडल्या," मिहीर म्हणाला. "अर्ध्या नाशिकसाठी ठेवल्यात. गॅरेजमध्ये."

अस्थी घरात आणायच्या नाहीत, बाहेर झाडाला टांगायच्या. श्रूजबरीतल्या जानेवारीत कमरेएवढ्या बर्फात झाडाला काय टांगणार? उल्हासने तांब्याचा लोटा लाल फडक्यात बांधून गॅरेजमध्ये मिहीरच्या जुन्या सायकलच्या हुकाला अडकवला होता. नाशिकला कोण नेणार ते ठरत नव्हतं, म्हणून तो तिथेच होता.

"मग सोपं आहे की," गुरुजी म्हणाले. "तिकडे नदी आहे का?"

मिहीरने पाहिलं. "तेजो म्हणून आहे. मोठी आहे. तिथेच समुद्राला मिळते."

"उत्तम! संगमच झाला. थोड्या अस्थी बरोबर न्या, तिथे सोडा. म्हणजे जाणं धर्मकार्यासाठी झालं. विसर्जन झाल्यावर गाव बघितलं तर कोण नाही म्हणतंय?"

फोन बंद झाला आणि टेबलाभोवती सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं. मिहीर खुर्चीला टेकला. "व्हॉट्सॲपवर पण तसंच टाकता येईल," तो म्हणाला. "विसर्जनासाठी गेलेत म्हणून."

"अस्थी विमानात नेता येतात," अंतरा फोनवर वाचत म्हणाली. "डेथ सर्टिफिकेट लागेल फक्त. आई, इट्स अॅक्चुअली अ गुड सोल्यूशन. तुझी ट्रिप पण होते, आत्या पण हॅपी."

उल्हासने आता कुठे ताटावरून मान वर केली. त्याचा चेहरा उजळला होता. तो वसुधाकडे बघून हसला, सगळं मार्गी लागल्यासारखा. वसुधा हसली नाही.

"मात्र विसर्जनाच्या दिवशी उपास हवा," ताई म्हणाल्या. त्यांचाही आवाज निवळला होता. "आणि त्याच्या आधी दोन दिवस मासेबिसे नकोत हं, वसुधा. तू म्हणतेस ते तारल्यांचं वगैरे, नंतर बघ."

"टेबल सोमवारचं आहे ना?" मिहीरने विचारलं. "कॅन्सल करतो. नंतर कुठेतरी इंडियन रेस्टॉरंट मिळेल, मी शोधून देतो."

"खरं म्हणजे," ताई जरा थांबल्या. मग त्यांचे डोळे भरले. "खरं म्हणजे मीच आले तर? माझी आई आहे ती. मिहीर, तिकीट मिळेल का रे?"

"आत्या, एक मिनिट. त्याच फ्लाइटला मधली सीट आहे. बाबा आणि आईच्या मधली."

वसुधा वेंगुर्ल्याची. तिचं माहेर अशा ठिकाणी की समुद्राची गाज ऐकल्याशिवाय झोप लागत नसे. पेडवे, तारल्या, बांगडे यांच्यावर ती वाढली आणि लग्न होऊन शाकाहारी घरात आली. अमेरिकेत आल्यावर तिने गॅरेजमध्ये इलेक्ट्रिक शेगडी ठेवली. पुष्कळ मराठी बायकांनी ठेवली होती. दार अर्धं वर करून, अंगात जुना कोट घालून ती तिथे मासे तळायची आणि उभ्या उभ्या खायची. मग माई आल्या. त्यांची खोली गॅरेजच्या भिंतीला लागून. "वास येतो गं," असं माई एकदाच म्हणाल्या, तेही हळूच. शेगडी बंद झाली. बाहेर हॉटेलात कधी खाल्लं तर घरी येऊन आधी अंघोळ. आणि कधीतरी एका दुपारी, माई झोपल्या असताना, तिने टीव्हीवर लिस्बनच्या गल्ल्या पाहिल्या. उतरत्या रस्त्यात दारादारासमोर कोळशावर तारल्या भाजत होत्या, म्हाताऱ्या बायका खुर्च्या टाकून बसल्या होत्या, धूर होत होता आणि त्या धुराबद्दल कोणी कोणाची माफी मागत नव्हतं.

"नाही," वसुधा म्हणाली.

"काय नाही?" मिहीरचं बोट स्क्रीनवरच होतं.

"माई येणार नाहीत."

कोणाला नीट कळलं नाही. ती ओट्यापाशी उभी होती, साडीच्या पदराला हात पुसत.

"चौदा वर्षं मी त्यांना सांभाळलं. त्यांचं गू-मूत केलं, केस विंचरले, रात्री चार वेळा उठले. मी तक्रार करत नाही. परत करावं लागलं तर परत करीन. शेवटचा घोट पाणी माझ्या हातचं प्यायल्या त्या. पण लिस्बनला त्या येणार नाहीत. लोट्यात नाही, डबीत नाही. हे गाव माझं आहे."

"वसुधा!" ताई उठून उभ्या राहिल्या. "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात?"

"मी त्या होत्या तेव्हाही तोंडावर उलटून बोलले नाही, ताई. आज त्यांच्याबद्दल वाईट बोलत नाहीच आहे. त्यांना नाशिक हवं होतं. शेवटपर्यंत गोदावरी, गोदावरी करत होत्या. त्यांना पोर्तुगालच्या नदीत कशाला सोडायचं? माझं जाणं शोभून दिसावं म्हणून? तुम्ही त्यांना नाशिकला न्या. तुमची आई आहे, तुमचा हक्क आहे. मी लिस्बनला जाऊन तारल्या खाणार. हातानं. काटे काढून."

"आई, कमॉन," अंतरा म्हणाली. "आता सगळ्यांनी परवानगी दिलीये तर कशाला—"

"मी मागितली होती का परवानगी?" वसुधा तिच्याकडे वळली. "मी वडे वाढताना सांगितलं. सांगितलं, विचारलं नाही."

मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. चौघांत ती त्याला "अहो" म्हणे. माई आल्यापासून तर घरातसुद्धा.

"उल्हास," ती म्हणाली. ताईंच्या भुवया वर गेल्या. "मी गुरुवारी निघणार. एकटी निघाले तरी निघणार. तू यायचं की नाही ते तू ठरव. पण 'बघू' म्हणू नकोस."

उल्हास उठला आणि गॅरेजमध्ये गेला.

तो बराच वेळ आला नाही. वसुधाने ताटं उचलली. अंतरा मदतीला आली, पण आईकडे बघायची तिला हिंमत झाली नाही. मिहीर फोन उलटा ठेवून बसला. ताईंनी पर्स घेतली, चष्मा घातला, आणि उजेड आहे तोवर निघायला हवं असं कोणाला तरी सांगत त्या बाहेर गाडीपाशी आल्या.

गॅरेजचं दार वर गेलं. आतून उल्हास आला. त्याच्या हातात लाल फडक्यातला लोटा होता. फडक्याची गाठ त्याने नव्याने बांधली होती. सैल, वाकडी, पुरुषाने बांधलेली. ताईंच्या ते लक्षात आलं, पण त्यांना वाटलं, घाईत बांधली असेल.

"ताई, तू ने नाशिकला," तो म्हणाला. "वसुधा म्हणते ते बरोबर आहे. आईला गोदावरीच हवी होती."

"आणि तू?"

"मी जातोय तिच्याबरोबर."

"बायकोपुढे मान तुकवलीस."

"मान मी आयुष्यभर तुकवली, ताई. तुझ्यापुढे, आईपुढे. फक्त हिच्यापुढे कधी तुकवायची वेळ आली नाही, कारण हिने कधी काही मागितलंच नाही."

ताईंनी लोटा दोन्ही हातांनी घेतला. त्यांना वाटलं होतं जड असेल. तो लहान मुलाच्या खाऊच्या डब्याएवढा हलका होता. इतकी वर्षं आईला आपल्याकडे न्यायचं न्यायचं म्हणत राहिलो आणि आज नेतोय, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी ते मनातच ठेवलं.

"जा," त्या म्हणाल्या. "पण मला फोटो पाठवू नकोस. मला ते माशाचं ताट बघायचं नाही."

"नाही पाठवत."

"आणि तिला सांग, मी रागावलेय."

"तिला माहितीये, ताई."

लिस्बनमध्ये वसुधा तीन दिवस चालत होती. घरांच्या भिंतींना निळ्यापांढऱ्या फरशा लावलेल्या. त्यांच्यावर हात फिरवत ती चढण चढायची आणि वर पोचली की मागे वळून ओरडायची, "उल्हास, ये लवकर, इथून नदी दिसते!" गुडघ्यांना पट्टे बांधून ती किल्ल्याच्या तटावर गेली. पिवळ्या ट्राममध्ये खिडकीशी जागा मिळाली नाही, तर तिने एका तरुणाला खुणेने सरकायला लावलं. मोठ्या मठात वास्को द गामाची दगडी कबर होती. उल्हासला ती बघायचीच होती. तो पाटी वाचत बसला, वसुधा दगडाच्या हात जोडलेल्या माणसाकडे बघत राहिली.

"मिरीसाठी एवढा लांब आला हा," ती म्हणाली. "तोही न बोलावता. आणि मला म्हणे तारलीसाठी वर्षभर थांब."

उल्हास हसला. पण त्याचं हसू अर्धं होतं. तीन दिवस ते अर्धंच होतं. बॉस्टनपासून तो खांद्याची छोटी बॅग कोणाला देत नव्हता.

सोमवारी संध्याकाळी ते जुन्या वस्तीतल्या एका खानावळीत गेले. टेबल बाहेर होतं, गल्लीच्या उतारावर. एका पायाखाली लाकडाचा तुकडा घालून सरळ केलेलं. शेजारी एक बाई कोळशावर तारल्या भाजत होती. धूर थेट वसुधाच्या केसांत येत होता. तिने खुर्ची सरकवली नाही.

उल्हासने आपल्यासाठी उकडलेले बटाटे आणि सॅलड मागवलं. पाव आले, ऑलिव्ह आले. तो पावाचा तुकडा मोडून नुसता हातात धरून बसला.

"वसुधा, एक सांगायचंय."

"माई आहेत ना बॅगेत?"

त्याने दचकून पाहिलं. "तुला कसं कळलं?"

"चार दशकं आहे मी तुझ्याबरोबर. किती आणल्यास?"

"चिमूटभर. औषधाच्या डबीत. ताईला माहीत नाही. गॅरेजमध्ये लोटा काढला आणि... माझ्याच्याने नुसता देऊन टाकवला नाही गं. कोणाला दाखवायला नाही आणलं. धर्मासाठी पण नाही. ती गेली तेव्हा तू तिच्यापाशी होतीस. मी औषधं आणायला फार्मसीत गेलो होतो."

वसुधाला राग आला होता, इतका की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुराचं नव्हतं. तिने नको म्हटलेलं होतं. सगळ्यांसमोर, स्पष्ट. आणि तरी हा डबी घेऊन तीन दिवस तिच्या गावात हिंडला होता. त्याचबरोबर तो म्हणाला ते खरं होतं हेही तिला कळत होतं.

"मी नाही म्हटलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग आता त्याचं काय ते तू कर. नदी खाली आहे. पायऱ्या आहेत, दुपारी पाहिल्यास. जा."

"तू चल ना. पाच मिनिटं. मग येऊन निवांत जेवू."

"मी येणार नाही."

"वसुधा, मला मंत्र येत नाहीत. काय म्हणायचं, कसं करायचं... आईचं सगळं तूच करायचीस."

"म्हणूनच नाही येणार. चौदा वर्षं त्यांच्याबरोबर मी होते. तू ऑफिसात होतास, मग रिटायर झालास तर बागेत होतास. आज त्यांच्याबरोबर तू एकटा राहा. काय बोलायचं ते बोल. काही नाही सुचलं तर नुसता उभा राहा. त्यांना चालेल. त्या तुझीच वाट बघायच्या."

उल्हास उठला. बॅग छातीशी धरून तो उतारावरून खाली निघाला. दोनदा मागे वळून पाहिलं. वसुधाने त्याला बघितलं, पण हात केला नाही.

तारल्या आल्या. सहा होत्या, कातडी काळी पडलेली, वर जाडं मीठ. वाढणाऱ्या पोराने उल्हासच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि ताट झाकून ठेवू का असं खुणेनं विचारलं. तिने नको म्हणून मान हलवली. काटा-सुरी बाजूला ठेवली, बांगड्या मागे सारल्या आणि पहिली तारली उचलली. अंगठ्याने पाठीवरून फाडली, मधला काटा एका ओढीत शेपटीसकट बाहेर काढला. हाताला अजून येत होतं. गरम मांस जिभेवर ठेवलं आणि ती थांबली. वेंगुर्ल्याची चव नव्हती ती. दुसऱ्याच समुद्राची होती, जरा तेलकट, जरा जास्त खारी. तिला आवडली.

कोळशावरच्या बाईने तिचं खाणं पाहिलं आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. वसुधाने बोटं चाटून मराठीत उत्तर दिलं, "मीठ थोडं जास्त झालंय, पण भाजल्यात झकास." दोघी हसल्या.

उल्हास परत आला तेव्हा दिवे लागायचे होते. त्याच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत ओले झाले होते आणि डोळे लाल होते. बॅग खांद्यावर सैल लटकत होती. तो खुर्चीत बसला. समोरच्या ताटात सहा काटे नीट ओळीने ठेवलेले होते.

"झालं?" वसुधाने विचारलं.

"झालं." त्याचा आवाज बसला होता. "काही सुचलं नाही. शाळेत डबा विसरायचो, ते सगळं सांगितलं तिला." मग तो जरा सावरला, घड्याळाकडे पाहिलं आणि सवयीने म्हणाला, "चल, निघू या? तू दमली असशील."

"बटाटे खा तुझे. मी अजून सहा सांगितल्यात."

कोळशावर चरबीचे थेंब पडून चरचरले, धुराचा लोट उठून दोघांच्या अंगावरून गेला. उल्हास थंड बटाटे खाऊ लागला. नव्या तारल्या आल्या. वसुधाने एकेक उचलून, उलटून, सगळ्यांत मोठी कोणती ते पाहिलं, आणि तिच्यापासून सुरुवात केली. उल्हास तिचं होईपर्यंत थांबला. तिने घाई केली नाही.